पोर्ट ख्रिसमस आणि वाझो उपसागर (केर्गेलेन बेटे): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा उपसागर नेमका आहे तरी कुठे?

हिंदी महासागराच्या पार दक्षिणेला केर्गेलेन नावाचा फ्रेंच द्वीपसमूह आहे. त्यातल्या मोठ्या बेटाला ग्रांद तेर म्हणतात. या बेटाच्या वायव्येला लोरांशे नावाचे द्वीपकल्प आहे आणि त्याच्या अगदी उत्तर टोकाशी हा उपसागर आत शिरतो. अक्षांश ४८°४१′ दक्षिण, रेखांश ६९°०२′ पूर्व.

मुंबईचा रेखांश ७२°५०′ च्या आसपास आहे. म्हणजे मुंबईहून जवळजवळ सरळ दक्षिणेला निघालात, लक्षद्वीप, मालदीव आणि चागोस मागे टाकलेत, की पुढे हजारो किलोमीटर फक्त पाणी आणि सुमारे साडेसात हजार किलोमीटरवर हा किनारा. बेटांवरचे घड्याळ आपल्यापेक्षा फक्त अर्धा तास मागे असते. इतक्या दुर्गम जागेची वेळ आपल्या वेळेशी एवढी जुळते, हे बहुतेकांना खरे वाटत नाही.

उपसागराचा आकार कसा आहे?

तोंड पूर्वेकडे, शेवट पश्चिमेकडे. तोंडाच्या उत्तरेला कॅप फ्रान्से हे भूशिर, दक्षिणेला प्रसिद्ध कमानीचा खडक. तोंडाशी रुंदी जवळपास मैलभर. दोन्ही बाजूंचे काठ पायऱ्यापायऱ्यांनी चढत हजार फुटांच्या वर जातात. निम्म्याहून थोडे आत गेले की उपसागर एकदम आवळतो, रुंदी मैलाच्या तिसऱ्या हिश्शावर येते आणि शेवटी काळ्या वाळूची सपाट पुळण लागते. गोड्या पाण्याचा ओढा याच बाजूला मिळतो. जुन्या जहाजांनी ही जागा पुन्हा पुन्हा निवडली ती प्रामुख्याने या पाण्यासाठी आणि आतल्या आडोशासाठी.

अक्षांश-रेखांश टाकले तरी नकाशा भलतीकडेच का नेतो?

चूक बहुधा दोनपैकी एक असते. दशांशात हे स्थान −४८.६८, ६९.०३ असे लिहायचे. दक्षिण अक्षांशाचे उणे चिन्ह गाळले तर तुम्ही कझाकस्तानच्या गवताळ माळावर पोचता. आकडे उलटसुलट टाकले, म्हणजे आधी ६९.०३ आणि मग −४८.६८, तर थेट ग्रीनलंडच्या बर्फावर. दुसरी चूक जुन्या फ्रेंच नोंदी वापरताना होते. त्यांतले रेखांश पॅरिसपासून मोजलेले असतात. ग्रिनिचचा रेखांश हवा असेल तर पूर्व रेखांशात २°२०′ मिळवा. जुन्या फ्रेंच नोंदीत ६६°४२′ दिसले तर आजच्या हिशेबाने ते ६९°०२′.

खोलीच्या आकड्यांचेही तसेच. इंग्रजी वाव १.८३ मीटरची, जुनी फ्रेंच वाव सुमारे १.६२ मीटरची. वीस वाव पाणी म्हटले की इंग्रजी नकाशावर ते साडेछत्तीस मीटर होते, फ्रेंच नकाशावर साडेबत्तीस. कुठला नकाशा कुणाचा हे पाहिल्याशिवाय दोन आकड्यांची तुलना करू नका.

'वाझो' म्हणजे फ्रेंचमध्ये पक्षी. मग हा 'पक्ष्यांचा उपसागर' का नाही?

हे भाषांतर जागोजागी दिसते आणि ते चुकीचे आहे. पेंग्विन, अल्बाट्रॉस, पेट्रेल यांची इथे कमतरता नाही, त्यामुळे चूक पटकन खपते. पण नाव पक्ष्यांवरून आलेले नाही. 'वाझो' हे एका फ्रेंच फ्रिगेट जहाजाचे नाव.

बेटांना ज्याचे नाव आहे त्या केर्गेलेन या फ्रेंच दर्यावर्दीच्या दुसऱ्या सफरीत तीन जहाजे होती: रोलां, वाझो आणि दोफीन. वाझोचा कप्तान रोझनेव्हे. ६ जानेवारी १७७४ रोजी रोशगुद नावाचा अधिकारी होडीने या उपसागरात आला, किनाऱ्यावर उतरला आणि फ्रान्सच्या राजाच्या नावाने ताबा घेतल्याची खूण ठेवून परतला. ज्या जहाजाची माणसे उतरली त्या जहाजाचे नाव उपसागराला मिळाले. त्या काळची ही नेहमीची रीत होती. म्हणून मराठीत 'वाझो उपसागर' लिहावे. विशेषनामाचे भाषांतर केले की त्यातला इतिहासच पुसला जातो.

बेटांना ज्याचे नाव आहे तो केर्गेलेन इथे उतरला होता का?

नाही. इव्ह-जोझेफ द केर्गेलेन हा ब्रिटनीचा दर्यावर्दी. फेब्रुवारी १७७२ मध्ये त्याला ही जमीन प्रथम दिसली, तेव्हा त्याच्यासोबत फॉर्च्यून आणि ग्रो-व्हान्त्र ही जहाजे होती. १३ फेब्रुवारीला ग्रो-व्हान्त्रवरचा ब्वागेनो किनाऱ्यावर उतरला, पण दुसऱ्याच ठिकाणी, या उपसागरात नव्हे. केर्गेलेन स्वतः जहाजावरच राहिला आणि मायदेशी जाऊन दक्षिणेला समृद्ध 'दक्षिण फ्रान्स' सापडल्याचे त्याने सांगितले. दुसऱ्या सफरीतही त्याने जमिनीवर पाय ठेवला नाही. परतल्यावर त्याच्यावर लष्करी खटला चालला आणि त्याला कैद झाली.

मग ख्रिसमसचा संबंध कुठून आला?

कॅप्टन जेम्स कुक तिसऱ्या सफरीवर रेझोल्यूशन आणि डिस्कव्हरी ही जहाजे घेऊन २५ डिसेंबर १७७६ रोजी या आडोशात शिरला. नाताळचा दिवस होता, पण खलाशांना सुट्टी नव्हती. पिपे भरायची होती. दोन दिवस राबून पाणी जवळपास भरून झाले तेव्हा कुकने २७ तारखेला सर्वांना मोकळीक दिली आणि नाताळ त्या दिवशी साजरा झाला.

त्या सुट्टीत भटकायला गेलेल्या एका माणसाला उत्तर काठावर पुढे आलेल्या खडकाला तारेने बांधलेली बाटली सापडली. आत चर्मपत्राचा तुकडा, त्यावर लॅटिन मजकूर. त्यात फ्रान्सचा राजा पंधरावा लुई आणि त्याचा नौदलमंत्री द ब्वान यांची नावे आणि '१७७२ आणि १७७३' ही वर्षे. कुकला तिथेच कळले की या बंदरात येणारे आपण पहिले नाही.

त्याने पुढे जे केले ते क्रमाने पाहण्यासारखे आहे. त्याने चर्मपत्र फाडले नाही की सोबत नेले नाही. त्याच्याच पाठीवर लॅटिनमध्ये ग्रेट ब्रिटनच्या राजाची रेझोल्यूशन आणि डिस्कव्हरी ही जहाजे, डिसेंबर १७७६, एवढे लिहिले. चर्मपत्र पुन्हा बाटलीत घातले, सोबत १७७२ सालचे चांदीचे दोन पेनीचे नाणे टाकले आणि बाटलीचे तोंड शिशाच्या टोपणाने बंद केले. दुसऱ्या दिवशी सापडलेल्या जागेजवळच एका उंचवट्यावर दगडांची रास रचून त्यात ती ठेवली. ब्रिटिश निशाण फडकावले आणि सणाच्या दिवशी पोचलो म्हणून जागेला 'ख्रिसमस हार्बर' नाव दिले.

एकाच चर्मपत्राच्या दोन बाजूंवर दोन राजांच्या आरमारांची नोंद झाली. गंमत म्हणजे ज्या पंधराव्या लुईचे नाव कुकने वाचले तो मे १७७४ मध्येच वारला होता.

कुकला ही बाटली कुणाची वाटली? त्याचा अंदाज बरोबर होता का?

अंदाज चुकला. कुकला केर्गेलेनच्या १७७२ च्या सफरीची माहिती होती. त्यामुळे ही बाटली ब्वागेनोने ठेवली असावी असे त्याने लिहून ठेवले. पण मग फेब्रुवारी १७७२ मध्ये ठेवलेल्या कागदावर १७७३ हे साल येणार कसे? हा प्रश्न कुकच्या मृत्यूनंतर १७८४ मध्ये त्याची सफर छापली गेली तेव्हा संपादकाने तळटीपेत मांडला. तोवर केर्गेलेनने आपल्या दोन्ही सफरींचा वृत्तांत १७८२ मध्ये प्रसिद्ध केला होता. दुसऱ्या सफरीची जहाजे डिसेंबर १७७३ मध्ये या किनाऱ्यासमोर आली होती. म्हणजे १७७२ ही पहिली सफर, १७७३ ही दुसरी, आणि मजकूर तयार झाला तो प्रत्यक्ष उतरण्याच्या आधी. कोडे सुटले: बाटली रोशगुदची होती. कुक मात्र १७७९ मध्ये हवाईत मारला गेला. वाझो उपसागर आणि आपले ख्रिसमस हार्बर एकच, हे त्याला कधी कळले नाही.

म्हणून 'कुकने फ्रेंच नाव पुसून आपले लादले' असे कुणी लिहिले तर ते दुरुस्त करा. फ्रेंच नाव त्याला माहीतच नव्हते. बाटलीत राजा होता, मंत्री होता, साल होते. उपसागराचे नाव तेवढे नव्हते.

आज अधिकृत नाव कोणते?

दोन्ही, पण वेगवेगळ्या गोष्टींना. बाहेरचा सगळा उपसागर तो 'वाझो उपसागर', आणि त्याच्या आतला अरुंद, नांगर टाकण्याजोगा भाग तो 'पोर्ट ख्रिसमस'. फ्रेंच नकाशावर हे दुसरे नाव मध्ये जोडरेघ देऊन छापतात. इंग्रजांनी दिलेला शब्द फ्रेंच प्रशासनाने ठेवला आणि त्याच्या आधी फक्त आपला 'पोर' (Port, म्हणजे बंदर) जोडला. 'ख्रिसमस हार्बर' हे जुन्या इंग्रजी ग्रंथांतले रूप. १७७६ ते १९ वे शतक या काळाबद्दल लिहिताना ते चालते, आजच्या जागेसाठी नको.

ख्रिसमस नावाच्या इतर जागांशी गल्लत होते. फरक कसा ओळखायचा?

गल्लत होणारच, कारण एकट्या कुकनेच तीन वेळा हे नाव वापरले. डिसेंबर १७७४ मध्ये दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी तिएरा देल फुएगोत ख्रिसमस साउंड. १७७६ मध्ये हे बंदर. आणि याच तिसऱ्या सफरीत बरोबर वर्षाने, २४ डिसेंबर १७७७ रोजी, प्रशांत महासागरात ख्रिसमस आयलंड, जे आज किरिबातीतले किरितिमाती आहे. हिंदी महासागरातले, लाल खेकड्यांसाठी प्रसिद्ध असलेले ख्रिसमस बेट वेगळेच. त्याला विल्यम मायनर्सने २५ डिसेंबर १६४३ रोजी नाव दिले, आज ते ऑस्ट्रेलियाचे आहे आणि जावाच्या दक्षिणेला उष्ण कटिबंधात येते. मजकुरात नारळ किंवा खेकडे आले की ते केर्गेलेन नव्हे. इथे एकही झाड नाही.

'डेसोलेशन' हे नाव कशाचे?

सबंध बेटांचे, उपसागराचे नव्हे. या ओसाड भूमीला 'उजाड बेट' (आयलंड ऑफ डेसोलेशन) म्हणणेच योग्य ठरले असते, पण केर्गेलेनचा मान हिरावून घ्यायचा नाही, असे कुकने लिहिले. सील मारायला येणाऱ्या अमेरिकन जहाजांनी मात्र ते टोपणनाव उचलले आणि कित्येक वर्षे वापरले.

कुकचा असाच एक शेरा उपसागराच्या उत्तरेकडच्या एकाकी उंच खडकाबद्दल आहे. केर्गेलेनने त्याला 'भेटीचे बेट' अशा अर्थाचे नाव दिले होते. कुकने म्हटले की इथे आकाशातल्या पाखरांशिवाय कुणाची भेट होणे नाही, आणि रेझोल्यूशनवरचा मास्टर विल्यम ब्लाय याच्यावरून त्याला 'ब्लायची टोपी' म्हटले. हाच ब्लाय पुढे बाउंटी जहाजावरच्या बंडामुळे जगाला माहीत झाला.

कमानीच्या खडकाचे काय झाले?

सह्याद्रीत भटकणाऱ्यांना एका शब्दात सांगता येईल: तोंडाच्या दक्षिण बाजूला एक प्रचंड नेढे होते. राजगड किंवा रतनगडाचे नेढे आठवा आणि ते समुद्रात पाय सोडून उभे आहे असे समजा. कातळ आरपार कोरलेला, लांबून पुलाच्या कमानीसारखा. किनाऱ्यालगत येणाऱ्या जहाजांना बंदराचे तोंड ओळखायला याहून चांगली खूण नव्हती.

१९०८ ते १९१३ या दरम्यान कमानीचा वरचा भाग कोसळला. आता सुमारे शंभर मीटर उंचीचे दोन सुळके उरले आहेत. नकाशावर नाव मात्र 'केर्गेलेनची कमान' असेच चालू आहे.

जुनी चित्रे आणि छायाचित्रे हाताळणाऱ्यांना याचा थेट उपयोग होतो. वरचा दगड जागेवर असेल तर छायाचित्र १९१३ च्या आधीचे. दोन सुटे सुळके असतील तर १९०८ च्या नंतरचे. एक सावधगिरी ठेवा: पश्चिमेकडून किंवा तिरक्या कोनातून पाहिले तर दोन सुळके एकमेकांवर येऊन सलग खडक भासतो. मधून आकाश दिसते का आणि त्या आकाशाला वरून झाकण आहे का, एवढेच पाहा.

पायऱ्यापायऱ्यांचे डोंगर हुबेहूब सह्याद्रीसारखे दिसतात. दोन्ही एकाच उद्रेकातले का?

दिसण्यामागचे कारण एकच, उगम मात्र वेगळा. दोन्हीकडे लाव्ह्याचे थर एकावर एक साचले. प्रत्येक थराचा टणक भाग कडा होऊन उभा राहतो, मधला ठिसूळ भाग झिजून उताराची पायरी होते. म्हणून लोरांशे द्वीपकल्पाचे कडे पाहिले की माळशेज किंवा नाणेघाटाची आठवण येते.

पण दख्खनचा बसाल्ट सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा आणि त्याचा संबंध रियुनियन बेटाखालच्या तप्त स्थानाशी (जिथे पृथ्वीच्या पोटातून दीर्घकाळ लाव्हा वर येत राहतो अशा जागेशी) जोडला जातो. केर्गेलेनवरचा उघडा बसाल्ट बराच तरुण, साधारण तीन कोटी वर्षांच्या आतला. केर्गेलेनच्या तप्त स्थानाचे भारतातले नाते आहे ते झारखंडमधल्या राजमहाल टेकड्यांशी, सुमारे ११ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याशी. महाराष्ट्राचे भावंड म्हणून केर्गेलेनकडे बोट दाखवणारे लेख इथे चुकतात.

झाड नाही म्हणता, मग इथे लाकडाचे जीवाश्म कसे?

पूर्वी जंगल होते. १८४० मध्ये जेम्स क्लार्क रॉस एरेबस आणि टेरर जहाजांसह इथे थांबला असताना शल्यवैद्य रॉबर्ट मॅकॉर्मिक याला बसाल्टच्या थरांत दगड झालेले बुंधे आणि कोळशाचे पट्टे सापडले. एका बुंध्याचा घेर सात फूट भरला. दोन उद्रेकांच्या मध्ये माती साचली, झाडे वाढली, पुढच्या लाव्ह्याने ती गाडली.

याच मुक्कामात जोसेफ हुकर या तरुण वनस्पतीशास्त्रज्ञाने इथल्या वनस्पती गोळा केल्या. त्यांतली मुख्य म्हणजे केर्गेलेन कोबी, जाड पानांची, खलाशांना स्कर्व्हीवर उतारा म्हणून उपयोगी पडणारी. ती प्रथम नोंदवली कुकच्या जहाजावरच्या विल्यम अँडरसनने. १८७४ मध्ये बेटांवर ससे सोडले गेले आणि जिथे ससे पोचले तिथे ही कोबी जवळजवळ संपली.

आत आडोसा आहे, तर जहाजे सुरक्षित का नसत?

आडोसा लाटांपासून आहे, वाऱ्यापासून नाही. इथे पश्चिमेचे वारे वर्षभर वाहतात. ते उपसागराच्या शेवटाकडून डोंगर ओलांडून खाली कोसळतात आणि दोन कड्यांमधल्या चिंचोळ्या जागेत त्यांचा जोर वाढतो. झोत येतो, थांबतो, दुसऱ्याच बाजूने येतो. जहाज नांगरावर गरगर फिरते, साखळीला पीळ बसतो, नांगर सुटून घसरू लागतो. रॉसच्या नोंदीप्रमाणे ६८ दिवसांपैकी ४५ दिवस वादळी वारा होता आणि पाऊस किंवा हिमाविना गेलेले दिवस फक्त तीन. शिडाच्या जहाजांना आत येतानाही हाच वारा तोंडावर मिळे. मग नांगर होडीतून पुढे नेऊन टाकायचा आणि दोर ओढत जहाज त्याच्याकडे खेचायचे, असे पुन्हा पुन्हा करावे लागे.

होडी चालवताना पाण्यावर पसरलेल्या राक्षसी समुद्रशेवाळापासून लांब राहायचे. त्याची मुळे खडकाला धरून असतात, म्हणजे शेवाळ दिसले की खाली उथळ खडक आहे असे धरावे. जोराच्या प्रवाहात ते पाण्याखाली दबते, त्यामुळे शेवाळ दिसत नाही म्हणजे खडक नाही असे मात्र समजू नये.

नावांवर शेवटचा शब्द कुणाचा?

फ्रान्सने जानेवारी १८९३ मध्ये यूर हे जहाज पाठवून बेटांवरचा ताबा पुन्हा जाहीर केला. त्या फेरीतही पोर्ट ख्रिसमसला भेट झाली. ६ ऑगस्ट १९५५ पासून ही बेटे 'फ्रेंच दक्षिणी आणि अंटार्क्टिक भूभाग' या प्रशासनाखाली आहेत आणि नावे तेच ठरवते. लोरांशे हे नाव तुलनेने नवे: झाँ लोरांशे १९१३-१४ मध्ये रालिये द्यु बाती याच्या ला क्युरियझ जहाजावरचा सहकारी होता.

मराठीत 'खाडी' लिहावे, 'बंदर' की 'उपसागर'?

कोकणात खाडी म्हणजे नदीचे मुख, भरतीचे पाणी आत शिरते ती जागा. इथे नदी नाही, म्हणून खाडी नको. बंदर म्हटले की धक्का, गोदाम, माणसांची ये-जा डोळ्यांपुढे येते. इथे त्यातले काहीच नाही. 'उपसागर' म्हटल्यावर बंगालचा उपसागर आठवतो हे खरे, पण लहान-मोठ्या दोन्हींना तो शब्द चालतो, म्हणून वाझोसाठी तोच. पोर्ट ख्रिसमस हे विशेषनाम, ते तसेच ठेवावे. पुढे 'बंदर' जोडू नये.

तिथे जाता येते का?

रस्ता नाही, विमानतळ नाही. केर्गेलेनवरचा एकमेव वस्तीचा तळ म्हणजे पोर्ट-ओ-फ्रान्से, उपसागरापासून सरळ रेषेत सुमारे ११५ किलोमीटर आग्नेयेला. तिथेही कायमचे रहिवासी नाहीत, फक्त पाळीने येणारे शास्त्रज्ञ आणि कर्मचारी. रियुनियनहून मारियों द्युफ्रेन हे जहाज वर्षातून मोजक्या फेऱ्या करते आणि त्यावर थोड्या पर्यटकांना जागा मिळते. मात्र ती फेरी पोर्ट ख्रिसमसला थांबेलच असे धरून चालू नका.

२००६ पासून ही बेटे राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र आहेत आणि २०१९ पासून जागतिक वारसा यादीत. उतरण्यासाठी प्रशासनाची परवानगी लागते. त्याआधी कपडे आणि सामान तपासून साफ करावे लागते: बुटांच्या तळव्यातली माती, खिशांचे कोपरे, पिशव्यांच्या शिवणी आणि विशेषतः कपड्यांच्या चिकटपट्ट्या (वेल्क्रो), कारण गवताचे बी त्यांत अडकून राहते. पट्टी पूर्ण उघडा, चिमट्याने एकेक कुसळ काढा, मगच होडीत पाय ठेवा.